नोरा घर सोडून गेली, ती बरोबर की चूक?

दुपारची जेवणं आटोपली असतील, ओटा पुसून झाला असेल, तर घटकाभर टेका आणि एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात देऊन ठेवा. लेख संपेपर्यंत ते बदलतं का, तेही पाहा.

लग्नाला आठ वर्षं झालेली एक बाई. नवरा बँकेत, नुकताच व्यवस्थापक म्हणून नेमला गेलेला. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरची भानगड नाही. तीन गोजिरवाणी मुलं. घरात मोलकरीण आहे, मुलांना सांभाळायला दाई आहे. आणि अशी ही बाई एका रात्री बोटातली अंगठी काढून नवऱ्याला परत देते, किल्ल्या कुठे आहेत ते सांगते आणि झोपलेल्या मुलांकडे न बघता घराबाहेर पडते. बरोबर केलं का तिनं?

"अगं बाई, मुलांना टाकून?" असं तुमच्यापैकी निम्म्या जणी म्हणतील. "मग काय जन्मभर तसंच राहायचं?" असं उरलेल्या विचारतील. एखादी मात्र काहीच बोलणार नाही. पदर सावरून चहा टाकायला उठेल. मी बरीच वर्षं त्या न बोलणाऱ्या बाईसारखी होते. म्हणून आज बोलायचं ठरवलं आहे.

ही बाई म्हणजे हेन्रिक इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराची नोरा. नाटकाचे नाव 'अ डॉल्स हाउस', म्हणजे बाहुलीचे घर. 1879 साली ते आले, आणि तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या वाचकांनी आणि प्रेक्षकांनी या एका प्रश्नावर जितके वाद घातले, तितके दुसऱ्या कुठल्या घरगुती नाटकावर क्वचितच घातले असतील.

गोष्ट थोडक्यात

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते.

नाताळचे दिवस. नोरा बाजारहाट करून घरी येते. खिशात बदामाच्या बिस्किटांची पुडी. गोड खाल्ले की दात किडतात म्हणून नवऱ्याने, टोरवाल्डने, मनाई केलेली. म्हणून ती चोरून दोन बिस्किटं तोंडात टाकते आणि ओठ पुसते. नवरा तिला लाडाने पाखरू म्हणतो, खारुताई म्हणतो. पैसे मागितले की उधळी म्हणून तिची थट्टा करतो. पाहणाऱ्याला वाटावं, काय सुखी जोडपं!

पण या खारुताईने एक मोठी गोष्ट लपवलेली आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी टोरवाल्ड अतिश्रमाने आजारी पडला होता. हवापालटासाठी दक्षिणेला नेले नाही तर तो वाचणार नाही, असे डॉक्टरांनी नोराला एकटीला सांगितले. कर्ज काढायला नवरा मुळीच तयार झाला नसता. बायकोला नवऱ्याच्या संमतीवाचून कर्ज मिळायची सोय नव्हती. तेव्हा तिने क्रोगस्टाड नावाच्या माणसाकडून 4800 क्रोन उचलले आणि जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच केली. वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यांना त्रास द्यायचा कसा? सहीवर तारीख पडली ती वडील गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची! नवऱ्याला सांगितले, पैसे माहेरून आले. इटलीची सफर झाली, नवरा खडखडीत बरा झाला.

पुढे ती कर्ज फेडत राहिली. कपड्यांसाठी मिळालेल्या पैशांतून निम्मे बाजूला. एका हिवाळ्यात तर दार लावून रात्र रात्र नकला उतरवण्याचे काम केले. दमायची, पण आपण पुरुषासारखे कमावतो आहोत याचा तिला आनंदही वाटायचा. हे वाक्य ती मैत्रिणीला सांगते तेव्हा, मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणींना आपली शिलाईची मशीन आठवेल!

हाच क्रोगस्टाड आता टोरवाल्डच्या बँकेत नोकरीला आहे आणि त्याची नोकरी जायची वेळ आली आहे. नोकरी राहिली नाही तर सगळं उघड करीन, अशी तो नोराला धमकी देतो आणि पत्र लिहून दाराच्या पेटीत टाकतो. पेटीची किल्ली फक्त नवऱ्याकडे.

नोराला भीती वाटते, तशी एक वेडी आशाही वाटते. तिची खात्री असते की पत्र वाचल्यावर नवरा पुढे होईल आणि सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेईल. तिच्या मनात हाच तो चमत्कार. तसे त्याने करू नये म्हणून ती जीव द्यायच्या गोष्टी मनाशी करते.

आणि घडते काय? पत्र वाचून टोरवाल्ड तिच्यावर तुटून पडतो. ती ढोंगी, खोटारडी, गुन्हेगार. तिने त्याचे आयुष्य धुळीला मिळवले. यापुढे मुलं तिच्या हाती द्यायची नाहीत. घरात राहायचं, पण ते लोकांना दिसावं म्हणून. इतक्यात दुसरं पत्र येतं. क्रोगस्टाडने कर्जरोखा परत पाठवलेला असतो. लगेच टोरवाल्ड आनंदाने ओरडतो की तो वाचला. "आणि मी?" हे तिला विचारावं लागतं. मग तो तिला क्षमाही करून टाकतो. पुन्हा पाखरू, पुन्हा लाड.

तेव्हा नोरा आतल्या खोलीत जाते, नाचासाठी घातलेला पोशाख उतरवते, रोजचे कपडे घालून येते आणि नवऱ्याला टेबलाशी समोर बसवते. आठ वर्षांत दोघं पहिल्यांदाच नीट, गंभीरपणे बोलतात. ते बोलणं संपतं आणि खालचं दार बंद झाल्याचा आवाज येतो.

"या नाटकाबद्दल बोलू नये!"

हे नाटक आधी पुस्तक म्हणून लोकांच्या घरात शिरले. 4 डिसेंबर 1879 रोजी ते कोपनहेगनला छापून निघाले. पहिली आवृत्ती 8000 प्रतींची. महिन्याभरात ती संपली. त्या छोट्या देशांच्या मानाने केवढा हा आकडा! 21 डिसेंबरला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात पहिला प्रयोग झाला. त्यात बेटी हेनिंग्स या नटीने नोरा केली.

म्हणजे बघा, नाताळची भेट म्हणून ज्या घरांत पुस्तक गेले, त्याच घरांत नाताळच्या जेवणाच्या टेबलावर भांडणे लागली. स्टॉकहोममध्ये त्या हिवाळ्यात जेवणाच्या निमंत्रणावरच लिहीत म्हणे, की कृपया 'बाहुलीचे घर' हा विषय काढू नये. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत राजकारण काढू नका म्हणतात, तशातली गत! धर्मोपदेशकांनी प्रवचनांतून झोडपले. आई असे करूच शकत नाही, हा सगळ्यांचा पहिला आक्षेप.

आक्षेप केवळ पुरुषांचाच होता असे नाही. जर्मनीत हेडविग नीमान-राबे ही नामवंत नटी नोरा करणार होती. तिने स्पष्ट सांगितले, मी माझ्या मुलांना कधीच सोडून गेले नसते, मग हा शेवट मी करणार नाही. त्या काळी लेखकाच्या हक्काचे कायदे पुरेसे नव्हते. दुसऱ्या कुणी वाटेल तसा शेवट जोडण्यापेक्षा आपणच लिहिलेला बरा, म्हणून इब्सेनने नाइलाजाने वेगळा शेवट लिहून दिला. त्यात टोरवाल्ड नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो, झोपलेली मुलं पाहून तिचे पाय गळतात आणि ती तिथेच खाली बसते. 1880 च्या फेब्रुवारीत फ्लेन्सबर्गला असा प्रयोग झाला. इब्सेनने वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगितले की हा नाटकावर केलेला रानटी अत्याचार आहे. गंमत अशी की हा गोड शेवट प्रेक्षकांनाही फारसा रुचला नाही आणि पुढे मूळ शेवटच परत आला.

पण शेवट दुरुस्त करायची लोकांची हौस काही फिटेना. 1883 मध्ये अमेरिकेत लुईव्हिल गावी हेलेना मोजेस्का या नटीने 'थोरा' या नावाने प्रयोग केला, त्यात शेवटी समेट. 1884 मध्ये लंडनला 'ब्रेकिंग अ बटरफ्लाय' नावाचे रूपांतर आले. त्यात नवरा खरोखरच सगळा दोष स्वतःवर घेतो! म्हणजे नोराने ज्या चमत्काराची वाट पाहिली, तो त्या लेखकांनी घडवून दाखवला. मूळ नाटक लंडनच्या रंगमंचावर यायला 1889 साल उजाडले. पुढच्या वर्षी वॉल्टर बेझंट या लेखकाने नोरा गेल्यावर घराची कशी धूळधाण झाली याची गोष्ट लिहिली. नवरा दारुडा झाला, मुलीचं वाटोळं झालं. त्यावर बर्नार्ड शॉने उलट गोष्ट लिहून त्याला उत्तर दिले. स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गने तर त्याआधीच, 1884 मध्ये, 'बाहुलीचे घर' याच नावाची कथा लिहिली होती. त्यात हे नाटक एका सुखी संसारात कसं विष कालवतं, ते त्याने दाखवले.

एवढे सगळे लिहिणारे शेवटच्या दाराविषयीच का बरं लिहीत होते? त्याकडे मी परत येणार आहे.

खरी नोरा

नोराची गोष्ट अगदीच हवेतून आलेली नव्हती, हे तुमच्यापैकी कितीजणींना माहीत आहे? लॉरा किलर नावाची एक तरुण लेखिका होती. इब्सेनच्या घरी तिचे येणे-जाणे असे. इब्सेन तिला लाडाने चंडोल पक्षी म्हणत असे. तिच्या नवऱ्याला क्षय झाला. दक्षिणेकडे नेले तरच आशा, असे डॉक्टरांनी सांगितले. पैशाचे नाव काढले की नवऱ्याच्या डोक्यात तिडीक जाई, म्हणून तिने गुपचूप कर्ज काढले आणि त्याला इटलीला नेऊन बरे केले.

कर्जाचे तगादे सुरू झाले. 1878 मध्ये तिने घाईघाईने एक कादंबरी लिहून इब्सेनकडे पाठवली, प्रकाशकाकडे शिफारस करा म्हणून. इब्सेनला लिखाण आवडले नाही. त्याने शिफारस केली नाही. उलट सल्ला दिला, की जे काय असेल ते सगळे नवऱ्याला सांगून टाक.

सल्ला वाचायला किती शहाणपणाचा वाटतो! कुठल्याही सल्ल्याच्या सदरात शोभावा असा. पण लॉराला आपला नवरा माहीत होता. तिने हस्तलिखित जाळून टाकले आणि खोट्या सहीने पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ते उघडकीस आले. ज्याचा जीव वाचवला त्या नवऱ्याने तिला गुन्हेगार ठरवले, मुलांना सांभाळायला नालायक ठरवले. ती खचली, तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले. तिथून सुटल्यावर तिने काय केले असेल? मुलांसाठी, मला घरात परत घ्या म्हणून नवऱ्याची विनवणी केली. काही काळाने ती त्या घरात परत गेली.

म्हणजे खऱ्या आयुष्यातल्या नोराने दार लावलं नाही. तिच्यासाठी दार उघडतं का, याची तिला वाट पाहावी लागली. पुढे ती चांगली लेखिका झाली, 1932 पर्यंत जगली. पण 'ती नोरा हीच' म्हणून लोक आपल्याकडे बोट दाखवतात, याचे दुःख तिला कायम राहिले. तिची लाज आणि तिचं कर्ज जगाने तिकीट काढून पाहिले. त्यात तिला विचारले कोणी?

इब्सेन पुढे 1884 मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क द्यावा या मागणीच्या अर्जावर सही करणाऱ्यांत होता. 1888 मध्ये नॉर्वेत तसा कायदा झालाही. पण 1898 मध्ये नॉर्वेच्या स्त्री-हक्क संघटनेने त्याचा सत्कार केला, तेव्हा तो म्हणाला की आपण जाणूनबुजून स्त्रियांच्या चळवळीसाठी लिहिले नाही, माणसाचे चित्र काढणे हेच आपले काम.

नोरा पूर्वेकडे आली

आशियात नोरा पोहोचली तेव्हा वादाला वेगळाच रंग चढला. जपानमध्ये 1911 साली मात्सुई सुमाको या नटीने नोरा गाजवली. तिथल्या 'सेइतो' या बायकांनीच चालवलेल्या मासिकाने 1912 च्या जानेवारीत नोरावर खास पुरवणी काढली आणि बायकांनी आपापली मते त्यात लिहिली. आपल्यासारख्याच वाचक त्या! सगळ्याजणींनी नोराच्या नावाने टाळ्या वाजवल्या, असे मात्र समजू नका. मासिकाच्या संस्थापक हिरात्सुका रायचो यांचा सूर असा होता, की दार ओढून घेतलं म्हणजे बाई जागी झाली असं नव्हे, खरी वाट तर त्यानंतर सुरू होते.

चीनमध्ये 1918 साली हे नाटक भाषांतरित झाले आणि तिथल्या तरुण मुली नोराच्या नावाने घरं सोडू लागल्या. तेव्हा लू शून या थोर लेखकाने 1923 मध्ये पेकिंगच्या मुलींच्या अध्यापन विद्यालयात व्याख्यान दिले. विषय होता, घर सोडल्यावर नोराचे पुढे काय होते? त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जिच्या पिशवीत पैसा नाही, त्या नोराला दोनच वाटा, वाईट मार्गाला लागणे किंवा परत येणे. स्वप्नं चांगली, पण पैसा हवाच. हे व्याख्यान मी जेव्हा वाचलं, तेव्हा मला आमच्या आजीची आठवण झाली. आजी शाळेत गेली नव्हती, पण तांदळाच्या डब्यात तळाशी पुरचुंडी असल्याशिवाय ती कधी निजली नाही.

आपल्या मराठी रंगभूमीलाही नॉर्वेचा हा वारा लागला. 1933 मध्ये गाजलेले 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेच्याच दुसऱ्या लेखकाच्या नाटकावरून घेतलेले. 'बाहुलीचे घर' अनंत काणेकरांनी 'घरकुल' नावाने मराठीत आणले. आणि 1942 मध्ये मो. ग. रांगणेकरांचे 'कुलवधू' आले, ज्योत्स्ना भोळे यांची भानुमती घराघरांत पोचली. त्यावरही इब्सेनची सावली आहे, असे अभ्यासक सांगतात. तेव्हा नोरा आपल्याला अगदीच परकी नाही बरं का.

अलीकडची गोष्ट म्हणजे 2017 मध्ये अमेरिकेत लुकस नाथ या नाटककाराने पुढचा भाग लिहिला. पंधरा वर्षांनी नोरा त्याच दारावर येऊन टकटक करते! जवळजवळ दीडशे वर्षे होत आली तरी ते दार काही लोकांच्या डोक्यातून जात नाही.

माझ्या पाटल्या

आता माझं सांगते.

कॉलेजात असताना मी हे नाटक पहिल्यांदा वाचलं. तेव्हा मला फक्त दार दिसलं. दोन दिवस मी भारावल्यासारखी फिरत होते. मग लग्न झालं. थोरला तीन वर्षांचा असताना पुन्हा वाचलं, आणि मला नोराचा राग आला. निदान एकदा मुलांच्या अंगावरचं पांघरूण तरी सारखं करायचं होतंस गं! असं मी मोठ्यानं म्हणाले. तेच पुस्तक, तीच मी, पण मत पार उलटं.

तिसऱ्यांदा वाचलं ते लग्नाच्या अकराव्या वर्षानंतर, आणि त्याला कारण घडलं. माहेरी वडिलांचं ऑपरेशन निघालं. भावाचं दुकान बसलेलं. आमच्याकडे त्याआधी एकदा माहेरच्या मदतीवरून शब्दाला शब्द झाला होता, म्हणून मी विचारलंच नाही. दोन पाटल्या घेतल्या, आपल्या पेठेतला नको म्हणून लांबच्या सराफाकडे गेले आणि गहाण टाकल्या. घरी सांगितलं, लॉकरमध्ये ठेवल्या. मग ब्लाऊज शिवले, साड्यांना फॉल लावले, भिशीचे पैसे घातले आणि एकोणीस महिन्यांत पाटल्या सोडवल्या. वडील त्यातून उठले, पुढे सहा वर्षं जगले. मला कुठेही पश्चात्ताप नव्हता.

सराफाची चिठ्ठी मात्र मी फाडायची विसरले. पासबुक शोधताना ती यांच्या हाती लागली. मी पोळ्या करत होते. हे चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"दुकानात कोणी ओळखीचं भेटलं नाही ना?"

बाबांचं ऑपरेशन कसं निभावलं, हे नाही. एवढे पैसे तू कसे फेडलेस, हे नाही. कोणी पाहिलं तर नाही!

तवा तसाच राहिला, पोळी करपली. यांनी मला कधी वावगं बोललेलं नाही, हात उगारायची तर गोष्टच सोडा. चांगलेच आहेत. टोरवाल्डसुद्धा चांगलाच होता. त्या रात्री पुस्तक काढून मी शेवटचा अंक वाचला आणि तेव्हा मला कळलं, की नोरा दाराबाहेर पडली ती नंतर. घर मोडलं ते त्याआधी अर्धा तास, पत्र वाचून झाल्यावर.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या रात्री मुलं निजल्यावर हे टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "एकूण किती लागले गं?" मी माझी हिशेबाची वही आणली. सगळं पान न् पान दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "मी नाही म्हणालो असतो, असं वाटलं तुला?" मी म्हटलं, "वाटलं नाही, मला माहीतच होतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. बराच वेळ वही चाळत बसले. अकरा वर्षांत पैशाविषयी आम्ही समोरासमोर बसून बोलल्याची ती पहिली रात्र.

सगळं आलबेल झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. ते पहिलं वाक्य मला अजून आठवतं. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही टेबलावर येते, हेही खरं.

दार सोडा, पत्राकडे बघा

मघाशी मी म्हटलं, की सगळे जण शेवटच्या दाराविषयीच का भांडतात? मला वाटतं, तो वाद सोपा आहे म्हणून. आपल्यापैकी बहुतेक जणी घर सोडणार नाहीत. त्यामुळे नोरा बरोबर की चूक यावर तासभर बोललं तरी आपल्या घरातलं काही हलत नाही. पण आपल्या घरात लपवलेलं पत्र आहे का, ते उघडलं तर समोरचा काय बोलेल, हा प्रश्न विचारला की बोलणं घशातच अडकतं.

इब्सेनने लॉराला सांगितलं, नवऱ्याला सांगून टाक. आपणही एकमेकींना हेच सांगतो. पण सांगून टाकायला, ऐकून घेणारं घर लागतं. ते घर आपत्ती आल्यावर एका रात्रीत बांधता येत नाही. आधीच बांधून ठेवावं लागतं. म्हणून काही साध्या गोष्टी सांगते, अनुभवाच्या.

महिन्यातून एकदा दोघांनी मिळून हिशेबाला बसा. किती आले, किती गेले, कर्ज किती, विमा कुठे, हे दोघांनाही ठाऊक हवं. ज्या कागदावर सही कराल तो आधी वाचा. नवऱ्याने पुढे केलेला कागद असला तरी वाचा. यात अविश्वास नाही. स्वतःच्या नावावर बँकेत एक खाते असू द्या, थोडेच का असेना. नोराला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नव्हतं. आपली गोष्ट तशी नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने हिंदू स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवलेली आहे. पाटल्या तुमच्या, तर त्या तुमच्याच. मग गहाण टाकताना लांबच्या पेठेत जायची पाळी आपल्यावर का यावी, याचा विचार करा.

ज्या घरात मारझोड आहे, जिवाची भीती आहे, तिथे हिशेबाच्या वहीने काही होत नाही. तिथे दारच महत्त्वाचं, आणि बाहेर कोणाकडे जायचं ते आधी ठरवून ठेवणं महत्त्वाचं. लू शूनचं म्हणणं तिथे विसरू नका.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. टोरवाल्ड काही फक्त नवऱ्यांतच असतो असं नाही. परवा धाकटी नापासाची गुणपत्रिका घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तीन दिवस दप्तरात लपवली होती म्हणे. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "शेजारच्या काकूंना सांगितलं नाहीस ना?"

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मी तशीच खाली बसले आणि तिला जवळ ओढलं. पण वाक्य सुटलं ते सुटलंच.

तेव्हा मैत्रिणींनो, नोरा बरोबर की चूक, हे ठरवायचं तुमच्यावर सोडते. जमलं तर ही गोष्ट आज रात्री घरात सांगून बघा. कोण काय मत देतं ते ऐकाच. पण पुढच्या वेळी कोणी लपवलेली चिठ्ठी घेऊन तुमच्यासमोर उभं राहील, तेव्हा आपलं पहिलं वाक्य मात्र जरा जपून.